आईंना पुण्यात आणा, पण मिरजेचं घर विकून नको

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वडील जाऊन दोन वर्षं झाली. आई 71 वर्षांच्या, मिरजेच्या घरात एकट्या राहतात. दिवाळीनंतर त्या मोरीत पाय घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून तुम्हाला रात्रीचा फोन वाजला की धस्स होतं. तुम्ही, पत्नी आणि 13 वर्षांची मुलगी पुण्यात 640 चौरस फूट कारपेटच्या टू बीएचकेमध्ये राहता, दोघंही नोकरी करता. 27 वर्षांचा धाकटा भाऊ पुण्यातच पीजीमध्ये आहे, त्याची रात्रपाळी असते. मिरजेचं घर आणि तुमचा फ्लॅट दोन्ही विकून एक थ्री बीएचके घ्यावा, सगळ्यांनी एकत्र राहावं, असा बेत आहे. हे योग्य आहे का आणि घर कोणाच्या नावावर घ्यावं, असं तुम्ही विचारलंत. नाशिकला दिलेल्या बहिणीचा उल्लेख एकाच ओळीत आलाय. तिच्याकडे पुढे येतो.

यात तीन निर्णय एकमेकांत गुंतलेत: आई सुरक्षित कशा राहतील, चार मोठी माणसं एका छपराखाली कशी राहतील, आणि वडिलांच्या घराचं काय करायचं. पहिले दोन निर्णय चुकले तर महिन्या-दोन महिन्यांत बदलता येतात. तिसरा येत नाही. विकलेलं घर त्या भावात, त्या गल्लीत, त्याच शेजाऱ्यांत परत मिळत नाही. माझ्याकडे सल्ल्याला येणारी बरीच कुटुंबं हा तिसरा निर्णय सगळ्यात आधी घेऊन बसलेली असतात, कारण पैशांची जुळणी त्याशिवाय होत नाही. मग एकत्र राहणं जमलं नाही की आईंना परत जायला जागा उरत नाही आणि सगळे मुकाट्याने सहन करत राहतात. म्हणून माझं उत्तर एका वाक्यात: आईंना आणायचं तर आणा, पण निदान पहिलं वर्षभर मिरजेच्या घराला हात लावू नका.

आता मोरी. पडल्या त्या मोरीत, आणि मोरी दुरुस्त करता येते. आई मिरजेत राहोत की पुण्यात, हे काम दोन्हीकडे लागेलच. गुळगुळीत फरशी काढून खरखरीत, घसरू न देणाऱ्या टाइल बसवा. भारतीय पद्धतीचं शौचकूप असेल तर कमोड बसवा, बैठकीची उंची जमिनीपासून 45 ते 48 सेंमी. कमोडच्या बाजूला आणि अंघोळीच्या जागी स्टीलचे आधाराचे बार हवेत: 30 ते 40 मिमी जाडीचे, भिंतीपासून चार-पाच सेंमी अंतरावर, जमिनीपासून साधारण 70 ते 80 सेंमी उंचीवर. मापं कागदावर ठरवू नका, आईंना प्रत्यक्ष बसवून, कोपर थोडं वाकेल अशा उंचीवर खूण करून घ्या. व्हॅक्यूमने चिकटणारे बार अजिबात घेऊ नका, नेमका जोर पडतो तेव्हा ते सुटतात. मिरजेच्या जुन्या विटांच्या भिंतीत साधे अँकर बोल्ट पुरतात. पुण्याच्या नव्या इमारतींत भिंती बऱ्याचदा हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या (एएसी) ब्लॉकच्या असतात. त्यात साधा प्लग सैल होऊन निघून येतो, केमिकल अँकर किंवा भिंतीपलीकडे पट्टी देऊन आरपार बोल्ट लागतो. दार आत उघडत असेल तर पडलेलं माणूसच दाराला अडतं आणि बाहेरच्यांना आत जाता येत नाही. ते बाहेर उघडणारं करून घ्या आणि बाहेरूनही उघडता येईल अशी कडी लावा. पलंगापासून मोरीपर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा लावा, सुटी पायपुसणी काढून टाका.

पडण्याचं कारण मात्र दरवेळी फरशी नसते. एकदा पडलेलं वयस्क माणूस पुन्हा पडण्याची शक्यता जास्त असते, म्हणून डॉक्टरांना आडवं असताना आणि उठून उभं राहिल्यावर असा दोनदा रक्तदाब मोजायला सांगा. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीने उठताना भोवळ येत असेल तर गोळीची वेळ किंवा मात्रा बदलून बराच फरक पडतो. मोतीबिंदू आणि झिजलेल्या चपलाही बघा. मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे, लांबून लोक तिथे उपचाराला येतात. तेव्हा उपचारांसाठी पुणं गाठलंच पाहिजे असं नाही.

एका परिस्थितीत माझं सगळं उत्तर बदलतं. गॅस चालू ठेवून विसरणं, एकच गोळी दोनदा घेणं, नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणं, पैशांच्या हिशेबात अचानक गोंधळ, यांतल्या दोन-तीन गोष्टी गेल्या वर्षभरात दिसल्या असतील तर आधी स्मृतीची तपासणी करून घ्या. तसं निदान झालं तर त्यांना एकटं ठेवणं हा पर्यायच राहत नाही आणि पुढचं सगळं त्या हिशेबाने ठरवावं लागेल. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही. त्या अजून स्वतः बाजार करतात, भजनाला जातात, बँकेत पासबुक भरून आणतात, असं तुम्हीच लिहिलंय. तसं धरून पुढे सांगतो.

"आईचं घर" असं तुम्ही म्हणता. घर वडिलांच्या नावावर होतं आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर कायद्याने ते आज एकट्या आईंचं नाही. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण अशा चौघांना प्रत्येकी एक चतुर्थांश येते. लग्न झाल्याने बहिणीचा हिस्सा कमी होत नाही. घर वडिलोपार्जित असेल तर वाटे मांडण्याची रीत वेगळी, पण 2005 च्या दुरुस्तीनंतर तिथेही मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. घरपट्टीच्या बिलावर आईंचं नाव लागलं म्हणजे मालकी त्यांची झाली असं होत नाही. तेव्हा आधी नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्डाचा, म्हणजे मिळकतीच्या सरकारी नोंदीचा, ताजा उतारा काढा आणि वारसनोंद झाली आहे का ते पाहा. नसेल तर ती करून घ्या, घर विकायचं असो वा नसो.

बहिणीला हे सगळं आज सांगा. घर विकायचं ठरल्यावर "इथे सही कर" म्हणून कागद पुढे करणं आणि बेत सुरू असतानाच तिला विचारणं यात फार अंतर आहे. मुली पुष्कळदा आईसाठी आपला वाटा आनंदाने सोडतात. भावाच्या थ्री बीएचकेसाठी सोडायला सांगितलं की मन खट्टू होतं, आणि ते रास्तच आहे. चौघांचं एकमत असेल तर मी सुचवेन की तुम्ही तिघं भावंडांनी आपापला वाटा आईंच्या नावे हक्कसोडपत्राने सोडा. ते नोंदणीकृतच लागतं. मुद्रांक किती बसेल ते मिळकत कुठल्या प्रकारची आहे यावर ठरतं, म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्या. घर पूर्ण त्यांच्या नावावर असलं की आई पुण्यात आश्रित म्हणून येत नाहीत. घरात बोलताना याचा किती फरक पडतो ते पुढे तुम्हालाच दिसेल.

उद्या विकायची वेळ आलीच तर कराचा हिशेब आधी मांडा. घर चौघांचं असेल तर नफाही चौघांत विभागतो आणि ज्याने त्याने आपल्या भागाचा कर भरायचा असतो. घर 2001 च्या आधीचं असेल तर खरेदीची किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव धरता येतो, त्यासाठी मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल घ्या. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलं तर नफ्यावर सूट मिळते, पण नफा ज्याचा, घरही त्याच्या नावावर असलेलं बरं. आईंच्या वाट्याचे पैसे तुमच्या एकट्याच्या नावच्या फ्लॅटमध्ये घातले तर त्यांची ही सूट वादात सापडते. भाऊ आणि बहीण नव्या घरात मालक नसतील तर त्यांना आपल्या हिश्शावर कर भरावा लागू शकतो. ही रक्कम थ्री बीएचकेच्या जुळणीत कोणीच धरलेली नसते, आणि ऐनवेळी तीच कमी पडते.

आता एकत्र राहण्याकडे. घर न विकता तुमच्या आत्ताच्याच फ्लॅटमध्ये तीन महिने राहून बघा. मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीत नको, त्या दिवसांत सगळेच पाहुण्यासारखे वागतात. शाळा सुरू झाल्यावर, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ठेवा. डबे, क्लास, चाचणी परीक्षा, पावसात न वाळणारे कपडे, सगळं त्यात येतं. आईंना स्पष्ट सांगा की या तीन महिन्यांसाठी चला, घर तसंच राहणार आहे, नंतर काय ते तुम्ही ठरवा. मिरजेची वीज, पाणी, घरपट्टी चालू ठेवा, आठवड्यातून एकदा कोणीतरी घर उघडून झाडून घेईल असं बघा.

त्याआधी एक काम रविवारी बसून करा. मंगळवारसारखा एक साधा दिवस घ्या आणि सकाळी पाच ते रात्री बारा, प्रत्येक जण कुठल्या खोलीत असेल ते तासागणिक लिहा. अडचण लगेच डोळ्यांसमोर येते. सकाळी सहा ते साडेआठ या वेळात दोन बाथरूम आणि चार माणसं. आईंना पूजेआधी अंघोळ हवी, मुलीला सातची बस, तुम्हा दोघांना ऑफिस. भाऊही आला तर तो पहाटे कामावरून येऊन झोपणार आणि अकरापर्यंत एक खोली अंधारात राहणार. टू बीएचकेमध्ये हे बसत नाही. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत भावाला पीजीतच राहू द्या, त्याला वाईट वाटलं तरी.

आई कुठे झोपतील? "हॉलमध्ये दिवाण टाकू" हे उत्तर मला नेहमी ऐकू येतं आणि मी ते दरवेळी खोडून काढतो. हॉलमध्ये रात्री अकरापर्यंत टीव्ही आणि गप्पा असतात, पहाटे पाचला त्या उठल्या की दिवा लावायची चोरी, दुपारी कोणी आलं की उठून बसायचं. दुपारी दोन वाजता ज्या माणसाला दार लोटून आडवं होता येत नाही, त्याचं त्या घरात घर झालेलं नाही. तुमच्याकडे दोन खोल्या आहेत, तर आई नातीच्या खोलीत. पण एका मोठ्या पलंगावर दोघी नकोत. प्रत्येकी तीन फूट रुंदीचे दोन वेगळे पलंग, मध्ये निदान अडीच फूट जागा. आईंचा पलंग दाराच्या आणि बाथरूमच्या बाजूला, बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतील इतक्या उंचीचा. त्यांचं स्वतःचं कुलपाचं कपाट, उशाशी स्वतःचा दिवा आणि चार्जिंगचा पॉइंट. मुलीचा रात्रीचा अभ्यास आईंच्या झोपेला आड येईल, म्हणून तिचं टेबल हॉलमध्ये हलवा, म्हणजे साडेनऊनंतर टीव्ही बंद. मुलगी दहावीला जाईपर्यंत ही व्यवस्था निभते, पुढे तिलाही बंद दार लागेल. तिलाही आधी विचारा, तिची अर्धी खोली जातेय.

पत्नीबद्दल तुम्ही "तिची तयारी आहे" एवढंच लिहिलंय. तयारी कशाची, ते तिला एकटीला विचारा. दवाखान्यात आईंना कोण नेणार, त्यासाठी रजा कोणाची जाणार, दुपारची गोळी घेतली का हे फोन करून कोण विचारणार, पाहुणे वाढतील तेव्हा चहा कोण करणार, अशा दहा-बारा कामांपुढे नावं लिहा. त्या यादीत तुमचं नाव तिच्या नावाइतक्या वेळा येत नसेल तर बेत कच्चा आहे. रक्तदाब तपासायला नेणं, औषधं आणणं, पेन्शनची आणि विम्याची कागदपत्रं, ही कामं मुलग्यांचीच असायला हवीत. दोघांची.

स्वयंपाकघरात दोघींनी मिळून सगळं करायचं हे बोलायला गोड, चालवायला अवघड. वेळ वाटून घ्या. सकाळचा चहा-नाश्ता आईंच्या हाती, त्यात काय करायचं ते त्या ठरवतील. रात्रीचं जेवण पत्नीच्या पद्धतीने. पोळ्यांच्या बाईंना सूचना एकीनेच द्यायच्या. आईंना साडेसातला जेवायचं असेल तर त्यांनी जेवून घ्यावं, साडेनऊपर्यंत उपाशी थांबायला लावू नका, विशेषतः मधुमेहाच्या गोळ्या असतील तर. डब्यांच्या जागा पहिल्या महिन्यात कोणीही बदलू नयेत. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण कुरबुरींची सुरुवात बहुधा मिसळणाच्या डब्याच्या जागेवरूनच होते.

पैशांचं आधी लिहून ठेवा. आईंचं कुटुंब निवृत्तिवेतन त्यांच्याच खात्यात, पासबुक आणि कार्ड त्यांच्याच कपाटात. नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला आता मोबाइलवरूनही देता येतो, त्यासाठी मिरजेला जावं लागत नाही. 70 वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड मिळतं आणि ते योजनेतल्या पुण्याच्या रुग्णालयांतही चालतं. ते आधी काढून घ्या. घरखर्चाला आईंनी काही द्यावं की नाही हे तुमच्यात ठरवा, पण त्यांना द्यायचं असेल तर नको म्हणू नका. भाजी, फळं किंवा बाईंचा पगार असा एखादा ठरावीक खर्च त्यांच्याकडे द्या.

भाऊ पुढे तुमच्याबरोबर राहायला आला तर त्याचा हिस्सा पहिल्याच महिन्यापासून घ्या. किराणा, वीज, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स, बाई, इंटरनेट असा सामायिक खर्च समजा 32,000 होतो. चार मोठ्यांचा प्रत्येकी एक भाग, मुलीचा अर्धा, असे साडेचार भाग. एका भागाला साधारण 7,100 रुपये. तेवढे त्याने द्यावेत. घराच्या हप्त्यात मात्र त्याचा एक रुपयाही घेऊ नका, जोपर्यंत करारनाम्यात त्याचं नाव नाही. "हप्त्याला हातभार लावतो" असं म्हणत चार-पाच वर्षं गेली की त्याच्या मनात ते घर त्याचंही होतं आणि तुमच्या मनात त्याने दिलेलं ते भाडं असतं. दोघंही प्रामाणिक असतात, आणि भांडण कोर्टापर्यंत जातं.

तीन महिन्यांनी कसं गेलं ते आईंना तुम्ही विचारू नका. तुम्हाला त्या "छान आहे रे" म्हणतील. बहिणीला विचारायला सांगा, आणि स्वतः बघत राहा. त्यांनी काही मागणं बंद केलंय का? जेवण कमी झालंय का? दिवसा खूप झोपतात का? पत्नी ऑफिसातून उशिरा येऊ लागली आहे का? मिरजेत दिवसभरात दहा माणसं दाराशी बोलून जातात. इथे सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बंद फ्लॅटमध्ये त्या एकट्याच असतील, तर आपण त्यांचं एकटेपण फक्त एका गावातून दुसऱ्या गावात आणलं. त्यासाठी सोसायटीतलं किंवा जवळचं भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ पहिल्याच आठवड्यात शोधा, आणि पहिले चार-पाच वेळा तुमच्यापैकी कोणीतरी सोबत जा.

जमलं, पण जागा अपुरी वाटली, तरी पुढची पायरी लगेच थ्री बीएचके नको. तुमच्याच सोसायटीत किंवा चालत पाच मिनिटांवर वन बीएचके भाड्याने घ्या. 11 महिन्यांचा नोंदणीकृत करार. भावाचं पीजीचं भाडं त्यात वळवा, उरलेलं तुम्ही घाला. आई आणि भाऊ तिथे, रात्रीचं जेवण सगळ्यांचं तुमच्याकडे. स्वयंपाकघरं दोन, दारं दोन, आणि हाक मारली की माणूस पोचतं. तुमच्यासारख्या कुटुंबांत हीच व्यवस्था सगळ्यात जास्त टिकताना मी पाहिली आहे. धोका एकच: आई भावाच्या स्वयंपाकीण आणि धोबीण होतात. त्याचे कपडे, त्याची भांडी, पहाटे दार उघडणं हे त्याचं त्यानेच करायचं. किल्ली त्याच्याकडे हवी. आणि रात्रपाळीचा माणूस रात्री घरात नसतोच, तेव्हा ज्या रात्री तो कामावर, त्या रात्री नात किंवा तुम्ही तिकडे झोपायचं की आईंनी इकडे यायचं, तेही ठरवून टाका. त्याचं लग्न ठरलं की ही मांडणी पुन्हा नव्याने बोलायची, हे आजच सगळ्यांना माहीत असू दे.

एवढं सगळं करून वर्षभराने थ्री बीएचकेच हवा असं ठरलं, तर आईंचे पैसे जेवढे, तेवढा त्यांचा टक्का करारनाम्यात लिहा. "घरातलंच आहे" म्हणून सोडू नका. कर्ज घ्यायचं असेल तर बँका बहुतेक वेळा सर्व सहमालकांना कर्जात सामील करून घेतात आणि 71 व्या वर्षी ते अडतं, म्हणून आईंचं नाव कशा प्रकारे चालेल ते बुकिंगआधी बँकेत विचारा. सोसायटीतला नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, म्हणून आईंनी दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावं. काय लिहायचं ते त्यांनी वकिलाला एकटीने सांगावं, तुम्ही बाहेर बसा.

बक्षीसपत्राचा, म्हणजे आईंनी हयातीतच घर मुलाच्या नावे करून देण्याचा, सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच, कारण महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र आहे, वर असेल तो स्थानिक अधिभार. आईंच्या हयातीत ते करू नका. करायचंच असेल तर त्या शेवटपर्यंत तिथे राहतील आणि त्यांचा सांभाळ मुलगा करेल, ही अट त्याच दस्तात लिहा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने सांभाळ न झाल्यास असं हस्तांतर रद्द करून मागता येतं, पण 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की हस्तांतर त्या अटीवर झालं होतं हे दाखवावं लागतं. अट लिहिलेलीच नसेल तर आईंच्या हाती फारसं काही राहत नाही. तुम्ही चांगले आहात म्हणून हे लागणार नाही, असं मनात येईल. पण तुमच्यानंतर ते घर कोणाच्या हाती असेल, तेव्हा आई असतील का, हे आज कोणाला माहीत?

फ्लॅट बघायला जाल तेव्हा आईंची खोली कुठली ते आधी ठरवा, मास्टर बेडरूम कोणाची ते नंतर. बाथरूम त्यांच्या खोलीला लागून हवं, त्याच्या दारात उंबरठा नको, दार वॉकर जाईल इतकं म्हणजे निदान अडीच फूट मोकळं हवं. वीज गेल्यावर लिफ्ट जनरेटरवर चालते का ते वॉचमनला विचारा, बिल्डरला नको. खाली सावलीत बसायला बाक आहेत का आणि संध्याकाळी पाच-सहाला तिथे म्हातारी माणसं बसलेली दिसतात का, ते बघा. आणि टोकनचा चेक देण्याआधी आईंना एकदा तिथे घेऊन जा, त्या बाकावर अर्धा तास बसू द्या.